शीर शोधणारा उजेड

दवाखान्यात गेलो की डॉक्टर तपासतात आणि चिठ्ठी लिहून देतात. म्हणतात, "रक्त तपासून या." मग आपण रांगेत उभे राहतो. आपली पाळी आली की सिस्टर म्हणते, "हात पुढे करा. मूठ आवळा." ती दंडाला पट्टा बांधते. बोटाने चाचपते. औषध लावलेल्या कापसाने पुसते. सुई टोचते. नळीत रक्त येते. झाले! दोन मिनिटांचे काम.

पण कधी कधी हे काम दोन मिनिटांत होत नाही. सुई आत जाते, पण रक्त येत नाही. सुई बाहेर काढावी लागते. दुसरीकडे टोचावी लागते. लहान मूल असले तर ते रडून दवाखाना डोक्यावर घेते. आईच्या डोळ्यांना पाणी येते. इकडे सिस्टरच्या कपाळावरही घाम येतो.

असे का होते? शीर म्हणजे तरी काय? ती शोधायला सिस्टर कशी शिकते? आणि आता शीर दाखवणारे एक यंत्र आले आहे म्हणतात, ते काय करते? या चार गोष्टी आज आपण समजून घेऊ.

शीर कोणती आणि धमनी कोणती?

आपल्या अंगात रक्ताच्या दोन प्रकारच्या नळ्या आहेत. हृदयाकडून जे रक्त अंगभर जाते, ते धमनीतून जाते. अंगभर फिरून जे रक्त हृदयाकडे परत येते, ते शिरेतून येते. कोणी शिरेला नस म्हणतात, कोणी रग म्हणतात. गोष्ट एकच.

मनगटाच्या आतल्या अंगाला, अंगठ्याच्या बाजूला बोट ठेवून पाहा. टक् टक् असे उडते ना? तीच धमनी. वैद्य तिथेच नाडी पाहतात. धमनी सहसा खोल असते. तिच्यात रक्ताला जोर असतो. शीर मात्र कातडीच्या जवळ असते. ती उडत नाही. तिच्यात रक्त शांतपणे वाहते. म्हणून तपासणीचे रक्त शिरेतून घेतात. सलाईनही शिरेतूनच देतात.

हातावरच्या शिरा निळ्या दिसतात. म्हणून काही लोकांना वाटते की आत निळे रक्त आहे. तसे नाही. शिरेतले रक्त गडद लाल असते. कातडीतून पाहताना उजेडाच्या खेळामुळे ते निळसर दिसते, इतकेच.

पाटातले पाणी आणि दंडाचा पट्टा

आता आपण एक लहानसा प्रयोग करू. पैसा लागत नाही, सुईही लागत नाही. घरातल्या एखाद्या वयस्क, काम करणाऱ्या माणसाचा हात घ्या. हात थोडा वेळ खाली लोंबू द्या. हाताच्या पाठीवर शिरा फुगतील. त्यातली एक सरळ शीर निवडा. बोटांच्या बाजूला त्या शिरेवर तुमचे एक बोट दाबून ठेवा. दुसऱ्या बोटाने तिथून मनगटाच्या दिशेने शीर निपटत न्या. शीर रिकामी होऊन सपाट झाली. आता वरचे बोट उचला. काही वेळा शीर वरून भरत नाही, रिकामीच राहते. मग खालचे बोट उचला. शीर खालून लगेच भरून येते.

याचा अर्थ काय? शिरेतले रक्त एकाच दिशेने जाते, हृदयाकडे. मागे येऊ लागले तर आतल्या झडपा मिटतात. इटलीतील पादुआ गावच्या फाब्रिसियस नावाच्या शिक्षकाने १६०३ साली या झडपांवर पुस्तक लिहिले. त्याचा इंग्रज शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ साली हाच बोटांचा प्रयोग दाखवून सिद्ध केले की रक्त अंगात गोल फिरते. गुरूने झडप पाहिली, शिष्याने तिचा उपयोग ओळखला.

आता दंडाला पट्टा का बांधतात ते तुम्हाला सहज समजेल. शेतात पाटाला बांध घातला की मागे पाणी तुंबते. तसाच हा पट्टा. हृदयाकडे निघालेले रक्त अडते आणि शीर फुगते. फुगली की बोटाला लागते. जिथे टोचायचे तिथून चार-पाच बोटे वर पट्टा बांधावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली आपल्या नियमांत सांगितले आहे. पट्टा फार वेळ ठेवू नये. मिनिटाभरात काम व्हावे. जास्त वेळ रक्त तुंबले तर तपासणीचा आकडाही चुकू शकतो.

शीर का दडते?

शेतकऱ्याच्या, हमालाच्या हातावर शिरा दोरखंडासारख्या दिसतात. पण सगळ्यांचे हात तसे नसतात.

तान्ह्या मुलाची शीर अगदी बारीक असते आणि वरून बाळसे असते. जाड माणसाची शीर चरबीखाली खोल जाते. म्हाताऱ्या माणसाची शीर दिसते छान, पण सुई लागताच बाजूला सरकते. थंडीत शिरा आकसतात. भीतीनेही आकसतात. आणि आमच्या नागपूरचा उन्हाळा! मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. नवतपा सुरू झाला की माणूस वाळून जातो. अंगातले पाणी कमी झाले की शिरा रिकाम्या पडतात. ऊन लागलेल्या किंवा हगवण झालेल्या माणसाला सलाईन तातडीने हवे असते आणि नेमकी त्याचीच शीर सापडत नाही.

आणखी एक कारण आहे. ज्या हातावर वारंवार सुया टोचल्या, त्याच्या शिरा कडक होतात, बुजतात. ओढ्यातून रोज गाडी गेली की काठ ढासळतो, तसेच हे. असे हात आमच्या विदर्भात पुष्कळ आहेत. त्याचे कारण सिकलसेल.

विळ्यासारखी पेशी

आपल्या रक्तात लाल पेशी असतात. त्या इतक्या लहान असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. चांगली पेशी गोल आणि मऊ असते. बारीक नळीतूनही ती वाकून निघून जाते. सिकलसेल आजारात ही पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. ती बारीक नळ्यांत अडकते. मग हाडे, सांधे, पोट असह्य दुखते. चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते, वाकडी पेशी १० ते २० दिवसच. म्हणून अंगात रक्त कमी पडते.

हा आजार जगात प्रथम १९१० साली अमेरिकेत ओळखला गेला. आपल्या देशात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत तो सापडला. पुढे १९५८ साली डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या या दोषाची माहिती 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय साप्ताहिकात छापली. आज आपल्याला ठाऊक आहे की तो विदर्भातल्या आदिवासी समाजांत आहे आणि इतर अनेक समाजांतही आहे. हा आजार कोणाच्या पापाने होत नाही, शिवण्याने होत नाही. आईबापांकडून येतो. आई आणि बाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी निपजण्याचा धोका चारात एक असतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा, असे तिचे ध्येय आहे.

सिकलसेलच्या मुलाला दुखणे उमळले की दवाखान्यात न्यावे लागते. रक्त तपासावे लागते. सलाईन लावावे लागते. कधी रक्तही चढवावे लागते. असे वर्षातून कितीदा तरी होते. म्हणजे त्या मुलाला जन्मभर शिरा पुरवून वापरायच्या आहेत. त्याची एक शीर वाया जाणे म्हणजे त्याच्या गाठीचे धन वाया जाणे. नीट एकदाच टोचणे, ही त्याच्यावर मोठी दया आहे. म्हणून सुई धरणारा हात चांगला शिकलेला पाहिजे.

कमळाच्या देठावर शिक्षण

आता प्रश्न असा की हा हात शिकतो कसा?

आम्ही सारी हयात मुलांना शिकवण्यात घालवली. आम्हाला ठाऊक आहे की नुसते पुस्तक वाचून हाताचे काम येत नाही. पोहणे पुस्तकातून येत नाही. भाकरी थापणे पुस्तकातून येत नाही. पण पहिली भाकरी बिघडली तर पीठ वाया जाते. पहिली सुई बिघडली तर माणसाला दुखते. म्हणून आधी दुसऱ्या वस्तूवर शिकावे लागते.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना माहीत होती. सुश्रुत नावाच्या आचार्यांचा शस्त्रक्रियेचा मोठा ग्रंथ आहे. त्यात शिष्याला सराव कसा द्यावा हे सांगितले आहे. कापण्याचा सराव भोपळा, काकडी अशा फळांवर करावा. शीर टोचण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर करावा. कमळाचा देठ आतून पोकळ असतो. किती नेमकी निवड! शास्त्र कितीही पाठ असले तरी हाताने सराव केल्याशिवाय शिष्य कामाला लायक होत नाही, असा त्या आचार्यांचा सांगावा आहे.

आज कमळाच्या देठाच्या जागी रबरी हात आला आहे. त्याची कातडी रबराची असते. आत बारीक नळ्या असतात. नळ्यांत लाल पाणी भरलेले असते. सुई बरोबर गेली तर लाल पाणी येते. चुकली तर येत नाही. हा हात ओरडत नाही, शंभर वेळा टोचला तरी रागावत नाही.

नागपुरात १९४७ साली सरकारी मेडिकल कॉलेज निघाले. त्याला सगळे लोक नुसते 'मेडिकल' म्हणतात. दुसरे जुने मोठे इस्पितळ म्हणजे 'मेयो'. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली इथूनच नव्हे, तर छिंदवाडा, शिवनी, बालाघाट इथूनही रोगी इथे येतात. मोठ्या इस्पितळांच्या आधाराने नागपुरात परिचारिकांच्या शिक्षणाचीही सोय झाली. परिचारिका म्हणजेच आपली सिस्टर. तिचे शिक्षण काही थोडेथोडके नाही. एएनएम या शिक्षणाला २ वर्षे लागतात, जीएनएमला ३ वर्षे आणि बीएस्सी नर्सिंगला ४ वर्षे. आता मुलेही हे शिकतात. त्यांना दवाखान्यात ब्रदर म्हणतात.

शिकणाऱ्या मुलीला आधी शिरांची नावे आणि जागा शिकवतात. कोपराच्या खळगीत मधोमध जी शीर असते, ती सहसा सगळ्यांत सोयीची. अंगठ्याच्या बाजूची शीर दुसऱ्या क्रमांकाची. करंगळीच्या बाजूची शीर शक्यतो टाळतात, कारण तिच्याजवळ धमनी आणि मज्जातंतू असतात. मग बोटाला शिकवतात. शीर दाबली तर रबरासारखी दबते आणि पुन्हा वर येते. स्नायूचे टोक दोरीसारखे कडक लागते. धमनी उडते. या तिघांतला फरक डोळ्यांनी नव्हे, बोटानेच कळतो. शेवटी सुई कशी तिरपी धरायची ते शिकवतात. ३० अंशांपेक्षा जास्त उभी नाही. सुई फार उभी गेली तर ती शीर फोडून पलीकडे जाते.

न दिसणारा उजेड

आता यंत्राकडे येऊ. ते समजण्यासाठी आधी उजेडाची एक गंमत सांगतो.

१८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने उन्हाचे रंग वेगळे केले. इंद्रधनुष्यात असतात तसे. प्रत्येक रंगात किती उष्णता आहे हे त्याने तापमापीने पाहिले. लाल रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथेही त्याने तापमापी ठेवली. पाहतो तो तिथे पारा आणखी वर चढला! म्हणजे तिथेही किरण होते. फक्त आपल्या डोळ्यांना ते दिसत नव्हते. शाळेच्या पुस्तकात त्यांना अवरक्त किरण म्हणतात.

हे किरण आपल्या घरातही आहेत. टीव्हीच्या रिमोटच्या टोकाला लहानसा दिवा असतो. बटण दाबले तरी तो पेटलेला दिसत नाही. पण मोबाईलचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. पुष्कळशा मोबाईलमध्ये तो दिवा लुकलुकताना दिसेल. डोळ्याला जे दिसत नाही ते कॅमेऱ्याला दिसते.

शीर दाखवणारे यंत्र याच युक्तीवर चालते. त्यात तीन भाग असतात. पहिला भाग हातावर हा न दिसणारा उजेड टाकतो. हा उजेड कातडीच्या आत थोडा शिरतो. मांस आणि चरबी त्याला परत फेकतात. पण रक्तात हिमोग्लोबिन नावाचे लाल द्रव्य असते. ते हा उजेड पिऊन टाकते. म्हणून जिथे शीर आहे तिथून उजेड कमी परत येतो. दुसरा भाग म्हणजे कॅमेरा. तो हे सगळे टिपतो. शिरेच्या जागी त्याला काळी रेघ दिसते. तिसरा भाग ते चित्र लगेच कातडीवर टाकतो, सिनेमाच्या पडद्यावर टाकतात तसे. मग हिरव्या किंवा तांबड्या उजेडात हातावर शिरांचे जाळे उमटते. जणू कोणी झाडाच्या फांद्या काढल्या आहेत.

या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात हर्बर्ट झेमन या शास्त्रज्ञाने असे यंत्र घडवले. पुढे हातात मावतील इतकी लहान यंत्रेही निघाली. सावळ्या कातडीतूनही हा उजेड आत जातो, हा आपल्याकडे मोठा फायदा आहे. यंत्र हाताला लागत नाही. दुखत नाही. हा एक्स-रे नव्हे. फक्त उजेडाकडे टक लावून पाहू नये आणि मुलांच्या डोळ्यांवर तो पाडू नये.

यंत्राला काय कळत नाही?

इतके चांगले यंत्र असले, तर मग शिकायचे कशाला? असे कोणी विचारील. त्याचे उत्तर नीट ऐका.

यंत्र शीर कुठे आहे ते दाखवते. ती किती खोल आहे ते बहुतेक यंत्रे सांगत नाहीत. सेंटीमीटरभरापेक्षा खोल असलेली शीर सहसा दिसतच नाही. शीर मऊ आहे की कडक झाली आहे, हेही चित्रावरून कळत नाही. यंत्र वाकडे धरले तर चित्र जरा बाजूला पडते आणि सुई चुकते. शिवाय यंत्र महाग आहे. सगळ्या दवाखान्यांत ते नाही.

जगात पुष्कळ ठिकाणी डॉक्टरांनी याची परीक्षा घेतली. काही ठिकाणी यंत्रामुळे पहिल्याच सुईला यश जास्त आले. काही ठिकाणी फारसा फरक पडला नाही. मोठे डॉक्टर सांगतात की ज्याची शीर सहज दिसते त्याला यंत्राची गरज नाही. ज्याची शीर दडलेली आहे, त्याला त्याचा उपयोग होऊ शकतो.

मग शिकणाऱ्या मुलीला याचा काय फायदा? आमच्या मते फार मोठा फायदा आहे. पण तो कसा घ्यावा, ते महत्त्वाचे.

आपण लिहायला शिकलो तेव्हा आधी कित्ता गिरवला. गुरुजींनी पाटीवर 'ग' काढून दिला. आपण त्यावरून पेन्सिल फिरवली. हात वळला. पण जन्मभर कित्त्यावरून लिहिणारा माणूस साक्षर होत नाही. एक दिवस कोऱ्या पाटीवर लिहावेच लागते. मग गुरुजींचा 'ग' शेजारी ठेवून आपला कुठे चुकला ते आपण पाहतो.

हे यंत्र म्हणजे उजेडाचा कित्ता आहे. शिकणाऱ्या मुलीने आधी पट्टा बांधावा. डोळ्यांनी पाहावे. बोटाने शीर शोधावी. मनात खूण ठरवावी. मग यंत्र लावावे आणि आपले बोट बरोबर होते की नाही ते पडताळावे. आधी बोट, मग उजेड. उलटे केले तर बोट आळशी होते. ही मुलगी उद्या एखाद्या खेड्यातल्या आरोग्य केंद्रावर जाईल. रात्री अडलेली बाई येईल. वीज गेलेली असेल. तिथे यंत्र नसेल. तिथे तिचे बोटच कामी येईल.

"माह्याच हातावर काऊन शिकतं?"

रबरी हातावर कितीही शिकले तरी एक दिवस खऱ्या माणसाला टोचावेच लागते. तो माणूस कोण? बहुधा सरकारी दवाखान्यात आलेला गरीब माणूस. त्याला वाटते, आम्ही गरीब म्हणून आमच्यावर शिकतात. हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही.

नागपुरातल्या एका दवाखान्यात आम्ही आमच्या आजारी सोबत्याजवळ बसलो होतो. शेजारच्या खाटेवर गडचिरोलीकडची एक म्हातारी होती. एक शिकाऊ मुलगी तिच्याजवळ आली. मागे तिच्या शिक्षिका उभ्या होत्या. मुलगी म्हणाली, "आजी, मी शिकते आहे. तुमचं रक्त मी काढू का? मॅडम इथंच आहेत."

म्हातारी म्हणाली, "शिकाऊ हायेस तं माह्याच हातावर काऊन शिकतं वं?"

मुलगी गप्प झाली. शिक्षिका पुढे आल्या. म्हणाल्या, "आजी, नको असेल तर नको. मी काढते. पण ती रबरी हातावर पुष्कळ शिकली आहे. ती एकदाच टोचेल. नाही जमलं तर मीच काढीन."

म्हातारीने मुलीकडे पाहिले. "कोनत्या गावची तू?"

"कुरखेड्याकडची."

"शिकून तिकडं येशीन, का इथंच राहशीन?"

"घर तिकडंच आहे आजी. येईनच ना."

म्हातारीने जरा विचार केला आणि हात पुढे केला. मुलीने पट्टा बांधला. बराच वेळ चाचपले. एका जागी बोट ठेवले. मग शिक्षिकांनी उजेडाचे यंत्र धरले. मुलीचे बोट शिरेवरच होते, पण तिथे शिरेला फाटा फुटला होता. मुलीने बोट थोडे खाली सरकवले. सुई गेली. नळीत रक्त आले. म्हातारी म्हणाली, "येवढंसंच रगत? म्या म्हटलं लोटाभर काढतं का काय!"

यात आम्हाला तीन गोष्टी चांगल्या दिसल्या. मुलीने आपण शिकाऊ आहोत हे लपवले नाही. शिक्षिकांनी नाही म्हणण्याची मोकळीक दिली. आणि किती वेळा टोचणार हे आधीच सांगितले. एका हाताने दोनदा प्रयत्न करून जमले नाही तर तिसऱ्यांदा टोचू नये, जास्त अनुभवी माणसाला बोलवावे, हा चांगला रिवाज आहे. शिकणाऱ्याला हात हवा असेल तर आधी हात जोडून विचारले पाहिजे. आणि विचारणाऱ्याला आपण शक्यतो हात दिला पाहिजे. सगळेच नाही म्हणाले, तर उद्या आपल्या नातवाची शीर शोधणार कोण?

आपण काय करावे?

शीर शोधण्याचे अर्धे काम सिस्टरचे, अर्धे आपले. म्हणून या गोष्टी ध्यानात ठेवा.

१. डॉक्टरांनी मनाई केली नसेल, तर जाण्याआधी पाणी प्या. उपाशीपोटी रक्त द्यायचे असले तरी बहुधा साधे पाणी चालते. विचारून घ्या.

२. थंडीत हात उबदार ठेवा. हात खाली सोडून बसा. शिरा भरतात.

३. सिस्टरने नाव विचारले तर आपले पूर्ण नाव सांगा. नुसती मान हलवू नका. एकाच नावाची दोन माणसे असू शकतात.

४. मागे कोणत्या हाताला शीर चांगली सापडली ते सांगा. सिकलसेलचे कार्ड असेल तर दाखवा. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल तर सांगा. डायलिसिससाठी ज्या हातावर शस्त्रक्रिया झाली, त्या हाताला सुई टोचू देऊ नका.

५. सुई नवी हवी. पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. यात संकोच नको.

६. सुई जाताना हातातून वीज गेल्यासारखी कळ आली तर लगेच बोला. सलाईन चालू असताना हात सुजला किंवा आग झाली तरी लगेच सांगा.

७. सुई निघाल्यावर कापूस काही मिनिटे दाबून धरा. हात सरळ ठेवा. कोपरात दुमडू नका. चोळू नका. म्हणजे काळेनिळे होत नाही.

८. मुलांना "गप्प बस, नाही तर सुई टोचीन" अशी भीती घालू नका. घाबरलेल्या मुलाची शीर आणखी दडते.

आणि रक्त काढल्याने शक्ती जाते, ही भीती सोडा. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. तपासणीला लागते ५ ते १० मिलिलिटर. म्हणजे चहाचा एक किंवा दोन चमचे. निरोगी शरीर ते लवकरच भरून काढते. पण त्या चमचाभर रक्तातून जे कळते, त्याने मुलाचा जीव वाचू शकतो. लग्नाआधी मुलाने आणि मुलीने सिकलसेलची तपासणी केली, तर पुढचे दुःख टळू शकते.

कमळाच्या देठापासून उजेडाच्या यंत्रापर्यंत माणसाने मोठी मजल मारली आहे. यंत्रे आणखी सुधारतील. तरी सुई धरणारा हात माणसाचाच राहणार आहे, आणि पुढे केलेला हातही माणसाचाच. तुमच्या गावच्या उपकेंद्रात नवी सिस्टर आली, तर तिला नमस्कार करा आणि गावात कोणाकोणाला सिकलसेल आहे, ते त्यांच्या संमतीने तिला सांगा. ज्यांची तपासणी झाली नाही, त्यांना सोबत घेऊन जा.